जॉबकार्डवर आपलं वाक्य

या अंकात कविता असतील, पुस्तक-परिचय असेल, पावसावर कुणीतरी लिहिलं असेलच. मी गाडीच्या गिअरबॉक्सवर लिहिणार आहे. विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं विचारलं, “हा वाङ्मय मंडळाचा विषय आहे का गं?” मी म्हटलं, आहे. आमच्या घरी झालेला त्रास अर्धा यंत्राचा होता आणि अर्धा भाषेचा. यंत्राचं काम शेवटी झालं. भाषेचं अजून बाकी आहे आणि माझं मत त्याबद्दल आहे.

आधी हकिगत सांगते. पप्पा मूळचे वसईचे. सिल्वासाला यार्नच्या कारखान्यात नोकरी लागली आणि इथलेच झाले. 2021 मध्ये त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबणं कमी करा. आता वापी-सिल्वासा रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत क्लच कमी दाबून गाडी चालवता येते का, हे तुम्हीच सांगा. म्हणून 2022 च्या नाताळाआधी घरात ऑटोमॅटिक गाडी आली. 13 लाखांच्या वर किंमत, निम्म्याहून जास्त कर्ज. वॉरंटी तीन वर्षांची. गाडीनं पप्पांना त्यांचा पाय परत दिला असं मम्मी म्हणायची. रविवारी चर्चला, बाजारात, कधी खानवेलच्या पुढे दुधनीला, सगळीकडे पुन्हा तेच चालवायला लागले.

ऑगस्ट 2023 मध्ये दादऱ्याजवळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी पहिल्यांदा थरथरली. काट्याजवळ गिअरचं चिन्ह पेटलं आणि गाडी पुढे जायला मागेना. बंद करून पुन्हा चालू केली तर दिवा गेला. नोव्हेंबरमध्ये दुधनीच्या चढावर तेच झालं, शिवाय रिव्हर्स पडेना. 28 मार्च 2024, पवित्र गुरुवार, आम्ही ईस्टरसाठी वसईला निघालो होतो. तलासरीच्या पुढे हायवेवर गाडीनं मान टाकली. सायंकाळचा मिस्सा आम्हाला टो करणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये झाला असं मम्मी अजून चिडून सांगते. चौथी वेळ जुलैची, किलवणी नाक्यावर, मागून हॉर्नचा नुसता पाऊस.

चारही वेळा गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. चारही वेळा ती धुऊन, आरशाला वास येणारी चिठ्ठी अडकवून परत आली. आणि चारही वेळा पप्पांना एकच वाक्य ऐकायला मिळालं : “अंकल, ए तो नॉर्मल छे. चलाने का तरीका थोडा बदलो.”

या वाक्यानं आमच्या घरात काय केलं ते सांगितलं पाहिजे. पप्पांना ते पटलं. सत्तावीस वर्षं गाडी चालवणारा माणूस रात्री जेवताना म्हणाला, “माझाच पाय आता बरोबर पडत नसेल.” त्यानंतर ते हळूहळू चालवायचं टाळायला लागले. कुठे जायचं म्हटलं की, “रिक्षानं जाऊ या ना.” गाडी कंपाउंडमध्ये आणि हप्ता बँकेत, दोन्ही वेळेवर. आम्ही मिस्सात छातीवर हात मारून आपला अपराध कबूल करतो. पण दुसऱ्यानं बनवलेल्या क्लचचा अपराधही आपणच कबूल करावा असं कुठल्या फादरनं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.

मी गाडीतलं काही शिकलेली नाही. पण हा प्रश्न समजून घ्यायला साहित्याची विद्यार्थिनी असणंही पुरतं. आमच्या गाडीत डबल क्लच असलेला गिअरबॉक्स आहे. त्यात दोन क्लच असतात. एकाकडे 1, 3, 5 असे विषम गिअर आणि दुसऱ्याकडे 2, 4, 6 असे सम. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवलेला असतो, त्यामुळे बदल झटकन होतो. आमच्या गाडीत रिव्हर्सही सम बाजूलाच आहे. सम बाजूच्या क्लचमध्ये किंवा त्याला हुकूम देणाऱ्या कंट्रोल युनिटमध्ये बिघाड झाला की कॉम्प्युटर ती बाजू बंद करतो. मग गाडी एकावरून तीनवर उडी मारते आणि मागे तर जातच नाही. दुधनीला नेमकं हेच झालं होतं.

हे क्लच काही गाड्यांत तेलात बुडालेले असतात, काहींत कोरडे. कोरडा क्लच थंड ठेवायला तेल नसतं. रांगेत पावलापावलानं सरकताना तो अर्धा लागलेला, अर्धा सुटलेला राहतो, घासतो आणि तापतो. साध्या गाडीत याला आपण हाफ क्लच म्हणतो आणि शिकवणारे त्यावरून ओरडतात. इथे हाफ क्लच कोण करतं? कॉम्प्युटर. आमच्या गाडीत क्लचचं पेडलच नाही. जे पेडल गाडीत नाही ते पप्पांनी चुकीचं कसं दाबलं?

एक गोष्ट मात्र मान्य करते. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवली तर असा क्लच लवकर तापतो. म्हणजे चालवण्याच्या पद्धतीचा थोडा संबंध असतो. पण मग ते गाडी विकताना सांगायचं. चाव्या देताना पेढे दिले, फोटो काढला, मोठी कागदी चावी हातात दिली. हे मात्र कुणी सांगितलं नाही. आणि वापीच्या रांगेत थरथरणारी गाडी ‘नॉर्मल’ असेल तर ती वापी-सिल्वासा रस्त्यासाठी बनवलेलीच नाही, असा त्याचा अर्थ होतो. जाहिरातीत तसं लिहा.

शब्दशक्तीच्या तासाला आपण अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकलो. ‘नॉर्मल आहे’ या वाक्याची अभिधा ‘बिघाड नाही’ एवढीच आहे. व्यंजना मात्र अशी की, तक्रार तुमच्यात आहे, गाडीत नाही, आता घरी जा.

हे वाक्य फक्त आमच्याच वाट्याला आलं असंही नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्यांतल्या पॉवरशिफ्ट नावाच्या डबल क्लच गिअरबॉक्सबद्दल खूप तक्रारी झाल्या. गाडी थरथरते, असं लोक सांगत होते. थरथरणं हे गिअरबॉक्सच्या दोषाचं लक्षण आहे हे ठाऊक असूनही कंपनी ग्राहकांना वारंवार सांगत राहिली की दोष तुमच्या चालवण्याच्या पद्धतीचा आहे. तिथल्या ग्राहक आयोगानं कंपनीला कोर्टात नेलं आणि एप्रिल 2018 मध्ये फेडरल कोर्टानं 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. दंडाचा मुद्दा गिअरबॉक्स खराब निघाला एवढाच नव्हता. तक्रार घेऊन आलेल्या माणसांशी कंपनी कशी वागली, यासाठी तो दंड होता. आमची गाडी त्या कंपनीची नाही, गिअरबॉक्सही तो नाही. पण वाक्य तेच आहे. मी हे पप्पांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तिकडच्या लोकांचेपण पाय वाकडेच?” कित्येक महिन्यांनी ते गाडीच्या विषयावर हसले.

त्याच रात्री मी चारही जॉबकार्डं काढून टेबलावर मांडली. खरा धक्का तेव्हा बसला.

पहिल्या वेळी पप्पांनी सांगितलं होतं : दुसऱ्या गिअरला जाताना गाडी थरथरते, दिवा लागतो. कार्डवर होतं : ‘जनरल चेकअप, वॉशिंग’. दुसऱ्या वेळी सांगितलं : चढावर रिव्हर्स पडला नाही. कार्डवर : ‘गिअर चेक, ओके’. तिसऱ्या वेळी तर गाडी ट्रकवरून आली होती. कार्डवर : ‘सॉफ्टवेअर अपडेट’. चौथ्या वेळी : ‘टेस्ट ड्राइव्ह डन, नो अबनॉर्मॅलिटी’. सगळं इंग्रजीत, निम्मं आद्याक्षरांत, आणि खाली पप्पांची सही. पप्पा मराठी शाळेत शिकले. हिंदी, गुजराती बोलतात, इंग्रजी कामापुरतं. समोरच्यानं बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. गाडी एकाच दुखण्यानं चार वेळा बंद पडली होती, पण कागदावर ती चार वेगवेगळ्या किरकोळ कामांसाठी आली होती. कागदाप्रमाणे आमची गाडी आजारीच नव्हती.

आणि कायदा वाचतो कागद. ग्राहक संरक्षण कायदा आपल्याकडे 24 डिसेंबर 1986 चा. आपण नाताळच्या करंज्या तळत असतो तो दिवस म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याजागी 2019 चा नवा कायदा आला आणि जुलै 2020 पासून लागू झाला. दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा, भरपाई द्या, हे सगळं आयोग सांगू शकतो. पण दोष आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बहुतेक वेळा तक्रारदारावर येते. त्यासाठी जॉबकार्डं आणि तज्ज्ञाचा अहवाल लागतो. शिवाय वॉरंटीत लिहिलेल्या शब्दांना वजन असतं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मारुतीच्या एका गाडीच्या क्लचचं प्रकरण आलं होतं. गाडी बदलून द्या असा आदेश आधी झालेला होता. न्यायालयानं म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करायचं किंवा बदलायचं वचन आहे, अख्खी गाडी बदलायचं नाही. मी आमची वॉरंटी-पुस्तिका पप्पांना मराठीत सांगत होते तेव्हा ‘ॲट इट्स सोल डिस्क्रिशन’पाशी थांबले. याचं सरळ मराठी ‘आमच्या मर्जीनं’. पप्पा म्हणाले, “एवढं मराठीत लिहिलं असतं तर तिथंच कळलं असतं.”

गोव्यातल्या एका ग्राहकाचं प्रकरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. डीलरनं 2011 ची सांगून 2009 ची, आधी चाललेली गाडी विकली. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं, कारण डीलर हा कंपनीचा नोकर नव्हे, त्यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा आणि कंपनीच्या चुकीबद्दल तक्रारीत नेमकं काही मांडलेलं नव्हतं. म्हणजे तक्रार करताना डीलरनं काय केलं आणि कंपनीनं काय केलं हे वेगवेगळं लिहावं लागतं. नुसतं ‘त्यांनी फसवलं’ चालत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्यात चक्क आकडा आहे. पहिल्या 18 महिन्यांत किंवा 18,000 मैलांत, यांतलं जे आधी होईल तोवर, एकाच दोषासाठी चार किंवा जास्त वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, जीवावर बेतणाऱ्या दोषासाठी दोनदा झाला, किंवा गाडी एकूण 30 दिवसांपेक्षा जास्त गॅरेजमध्ये राहिली, तर पुरेशी संधी दिली गेली असं धरून चालतात. मग गाडी बदलून द्या किंवा पैसे द्या. आपल्या 2019 च्या कायद्यात असा आकडा नाही. किती वेळा म्हणजे पुरे, हे प्रत्येक ग्राहकानं पहिल्यापासून भांडून ठरवायचं. माझं पहिलं मत हे की आपल्याकडेही असा आकडा हवा.

पण दुसरं मत मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आकडा आला तरी तो मोजणार कशावरून? जॉबकार्डवरून. आणि तिथे ‘वॉशिंग’ लिहिलं असेल तर मोजणी शून्य. म्हणून ग्राहकाची तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत, त्याला वाचता येईल त्या भाषेत कार्डवर उतरलीच पाहिजे, हा नियम आधी हवा. आपल्या सिल्वासात एका दुकानाच्या पाटीवर तीन भाषा मावतात. मग जॉबकार्डवर एक ओळ का मावू नये?

यावर आमच्या वर्गातली खानवेलकडची मैत्रीण म्हणाली, “तुमच्याकडे गाडी तरी आहे.” मला उत्तर सुचलं नाही. ती बरोबरच बोलली होती. जिथे लोक जीपला लटकून बाजाराला येतात तिथे 13 लाखांच्या गाडीचं रडगाणं कोण ऐकेल? पण मग तिनंच सांगितलं की त्यांच्या घरचा मोटरपंप वॉरंटीत असताना दोनदा जळला. दुकानदार म्हणाला, “व्होल्टेजमुळे झालं, तुमच्याकडचीच चूक.” कार्डवर त्यानं काहीच लिहिलं नाही. तिच्या वडिलांनी मागितलंही नाही. म्हणजे पप्पांना मिळालेला ‘चलाने का तरीका’ तिच्या वडिलांना ‘व्होल्टेज’ म्हणून मिळाला. फरक एवढाच की आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मुलगी होती आणि तेव्हा त्यांच्या घरात नव्हती. न्याय मिळणं जर अशा योगायोगावर असेल तर तो न्याय कसला?

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाला मी शत्रू मानत नाही. तोही आमच्याच वयाचा, दिवसाला कितीतरी गाड्या घेणारा. वरून सांगितलेले शब्दच त्यानं वापरले असणार. म्हणून मी त्याच्याशी भांडले नाही. आम्ही आमचे शब्द नेले.

पाचव्या वेळी जाताना पप्पांनी घरीच कागदावर लिहिलं. तारीख, ठिकाण, किती किलोमीटर झाले, गाडी किती वेळ चालली होती, कोणता दिवा लागला, कोणता गिअर पडला नाही. दिव्याचा फोटो आणि थरथरण्याचा व्हिडिओ मी काढून ठेवला होता. ‘हे वाक्य जसंच्या तसं लिहा, मग सही करतो,’ एवढंच पप्पा म्हणाले. स्कॅनर लावल्यावर जे कोड दिसतात ते पुसण्याआधी त्यांची प्रिंट द्या, हेही सांगितलं; कारण कोड पुसले की पुरावाही गेला. सकाळी थंड गाडी दोन किलोमीटर फिरवून ‘ओके’ म्हणू नका, तापल्यावर रांगेत चालवा आणि पप्पांना शेजारी बसवा, ही तिसरी अट. मग डीलर आणि कंपनी दोघांनाही वेगवेगळं पत्र रजिस्टर पोस्टानं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. पत्रात शेवटी लिहिलं की आम्ही जिल्हा आयोगाकडे जाऊ. ही पोकळ धमकी नव्हती. नव्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. शोरूम गुजरातच्या हद्दीत असलं तरी आम्हाला तिकडे खेटे घालायची गरज नाही. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोग आहे, 10 ते 20 लाखांच्या तक्रारीला फी 400 रुपये, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. ‘बघू, पुढच्या सर्व्हिसिंगला सांगू’ म्हणत ती संपते.

तीन आठवड्यांनी कंपनीचा इंजिनिअर आला. पप्पांना शेजारी बसवून दादऱ्याच्या रांगेत गेला. पाऊण तासानं गाडी थरथरली. त्यानं विचारलं, “असंच होतं का?” पप्पा म्हणाले, “असंच.” दोन्ही क्लच आणि कंट्रोल युनिट नवीन बसलं, नव्या भागांवर दोन वर्षांची वॉरंटी लेखी मिळाली. भरपाई मिळाली नाही. माफीही नाही. पप्पा पुन्हा चालवतात, पण वसईला जायचं म्हटलं की मम्मी वापीहून ट्रेनचं तिकीट काढते. गेलेला भरवसा कुठल्याच वॉरंटीत येत नाही.

त्या पाचव्या जॉबकार्डवर त्या मुलानं पप्पांचा कागद समोर ठेवून मराठी वाक्य देवनागरीत हातानं लिहिलं. दोन शब्द अडले, ते पप्पांनी सांगितले. खाली सही केली. घरी येऊन त्यांनी ते कार्ड मला वाचायला दिलं नाही. स्वतःच मोठ्यानं वाचलं.

आता मंडळाला एक विनंती. दहावीत आपण सगळ्यांनी तक्रारपत्र लिहिलं आहे, गुणांसाठी. ‘महोदय’, ‘विषय’, ‘आपला विश्वासू’, सगळं पाठ आहे. महिन्यातून एका शनिवारी कॉलेजच्या व्हरांड्यात दोन टेबलं टाकू या. पंप, मोबाइल, फ्रिज, गाडी, कुणाचं काहीही असो, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तक्रार त्यांच्या शब्दांत, मराठीत, गुजरातीत, हिंदीत लिहून देऊ. पहिल्या शनिवारी मी येते. माझ्या मैत्रिणीचे वडील पंपाची पावती घेऊन येणार आहेत.